ब्रिटनमधला वीज-गॅसचा डायरेक्ट डेबिट: या चुका टाळा

महावितरणचं बिल त्या महिन्याच्या युनिटचं येतं. ती सवय घेऊन ब्रिटनला आलात, की मे महिन्यात घर बंद असूनही खात्यातून नेहमीइतकेच पैसे का गेले, हे कळत नाही. इथे डायरेक्ट डेबिटचा, म्हणजे बँक खात्यातून दरमहा आपोआप कापला जाणारा हप्ता ठरवताना कंपनी वर्षभराच्या वापराचा अंदाज धरते, त्याला दर लावते, रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, द्यावा लागणारा ठरावीक आकार) मिळवते आणि बाराने भागते. समजा वीज २,७०० युनिट २५ पेन्सने, गॅस ११,५०० युनिट (इथे गॅसचं बिलही विजेसारखं किलोवॅट-तासांत होतं) ६ पेन्सने आणि दोन्हींचा स्टँडिंग चार्ज मिळून रोज ८० पेन्स. वर्षाचे झाले १,६५७ पौंड, महिन्याचे सुमारे १३८. मागची १२० पौंड थकबाकी वर्षात फेडायची असेल, तर आणखी १०.

म्हणजे सगळा खेळ अंदाजाचा. तरी लोक रीडिंग पाठवत नाहीत! स्मार्ट मीटर असला तरी तो रीडिंग पाठवतोय ना, हे बिलावर बघा; ‘अंदाजे’ अशी नोंद दिसली तर रीडिंग स्वतः द्या. नव्या घरात शिरताना तर मीटरचा फोटो काढाच, नाहीतर आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या माथी येऊ शकतो.

गॅसची गोम वेगळीच. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात, नवे घनमीटरमध्ये, आणि शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. घनमीटरचा मीटर कंपनीच्या नोंदीत घनफुटांचा म्हणून चढला, तर वापर जवळपास तिप्पट दिसतो. मीटरवरचं एकक वाचा आणि बिलाच्या हिशेबात २.८३ ने गुणलंय का, ते ताडून पाहा.

सप्टेंबरात खात्यात शिल्लक दिसली म्हणून लगेच परत मागू नका. ती हिवाळ्यात हीटिंगला लागते. हिवाळा सरल्यावरही बरीच उरली, तर जरूर मागा. वीज-गॅसची नियामक संस्था ऑफजेम, तिची किंमत-मर्यादा दरांवर असते, एकूण बिलावर नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

आकडा पटला नाही म्हणून रागाने बँकेत डेबिट रद्द करू नका. थकबाकी तशीच राहते, वर महागडा दर लागू शकतो. त्यापेक्षा वर्षाचा कोणता आकडा धरलाय, हे कंपनीला लेखी विचारा. हप्ता उपलब्ध असलेल्या सर्वांत ताज्या माहितीवर ठरवणं तिला बंधनकारक आहे. तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. तिथे ग्राहकाला फी पडत नाही.