घरच्या अंगणात बारा फुटी प्लायवूडची होडी कशी बांधावी

कोल्हापुरात होडी बांधायची म्हटलं की आधी कारागिराचा प्रश्न येतो. फळीला फळी भिडवून होडी उभी करणारे मिस्त्री घाटाखाली, मालवण-रत्नागिरीकडे. आपल्याकडचे सुतार हाताचे पक्के, पण त्यांचं रोजचं काम दारं-खिडक्या आणि फर्निचरचं. म्हणूनच ‘स्टिच अँड ग्लू’ ही पद्धत आपल्या सोयीची आहे. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी मिरर नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीने आखली आणि हजारो लोकांनी ती घरी बांधली. यात प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचतात, आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या चिकट मालाचा, घट्ट लगदा भरतात आणि त्यावर काचेच्या कापडाची पट्टी बसवतात. सुतारकाम सूतभर इकडेतिकडे झालं तरी लगदा ते भरून काढतो. इपॉक्सीचं माप मात्र चुकून चालत नाही.

कामाला दिवाळीनंतर हात घाला आणि होळीपर्यंत रंगापर्यंत पोहोचा. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा हात त्याला नीट धरत नाही. एप्रिलच्या दुपारी उलटा त्रास: तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

सामान

८ बाय ४ फुटांच्या ६ मिलिमीटर मरीन प्लायच्या चार शीट घ्या. शीटवर आयएस ७१० असा शिक्का असतो, ते मरीन प्लायचं भारतीय मानक. शिक्क्यावर न थांबता कडा निरखून बघा, थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत ठेवा. घरी आणल्यावर वीतभर तुकडा प्रेशर कुकरमध्ये तासभर शिजवा. थर सुटले तर तो प्लाय होडीचा नव्हे.

इपॉक्सी आणायला गेलात की फायबरच्या दुकानात बऱ्याचदा ‘रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर’ असा संच पुढे येतो. ते पॉलिएस्टर रेझिन. मोल्डमधल्या कामाला ते चांगलं, पण लाकडाला ते इपॉक्सीइतकं धरत नाही आणि काही वर्षांत पट्टी उचकटते. स्पष्ट सांगून लॅमिनेटिंग इपॉक्सी मागा. रेझिन आणि हार्डनर मिळून ८ ते १० किलो लागेल. कापड विणलेलंच घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, शिवाय ७५ मिलिमीटर रुंदीची पट्टी. तंतू विस्कटून दाबलेली मॅट इथे नको, तिचे तंतू धरून ठेवणारा बांधक पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही.

तार उद्यमनगरातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळेल, १८ गेजची. लगद्यासाठी लाकडाचा बारीक भुसा सॉ मिलमधून आणा आणि पिठाच्या चाळणीने चाळून घ्या. सोबत थोडी कोलॉइडल सिलिका ही घट्टपणा आणणारी हलकी पूड घ्या, म्हणजे लगदा उभ्या फळीवरून ओघळत नाही.

आकार

करवत हातात घेण्याआधी जाड पुठ्ठ्याचं दहाला एक या मापाचं मॉडेल करा, लांबी साधारण ३७ सेंटिमीटर. सपाट तळाची, १२ फूट लांब, तळाला ३ फूट आणि काठाला ४ फूट रुंद होडी नदी-तलावाला पुरते. मॉडेलमध्ये बाजूंचा बाहेर झुकाव जरा कमीजास्त करून बघा. बाजूच्या फळीची खालची कड सरळ असली तरी झुकावामुळे तळाला आपोआप उचल येते.

तळाचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरा. होडी १० सेंटिमीटर बुडाली की २०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे २०० किलो वजन पेलते. होडीचे ५०-६० किलो वजा केले तर दोन माणसं आणि जाळं एवढ्या पाण्यातही बसतं. म्हणूनच उथळ काठाला आणि जलपर्णीत सपाट तळ बरा.

जोडणी

शीट ८ फुटी आणि होडी १२ फुटी, म्हणून आधी लांबीत जोड द्यायचा. फळ्या टोकाला टोक भिडवून आतल्या बाजूने ६ इंच रुंद प्लायची पट्टी चिकटवा. खाली प्लास्टिक अंथरा, नाहीतर होडी फरशीला चिकटेल. दोन्ही पृष्ठभागांना आधी पातळ इपॉक्सी पाजा, मग घट्ट लगदा लावा आणि वर विटा ठेवा. शिकंजा करकचून आवळू नका, सगळा माल बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो.

दोन्ही बाजू एकावर एक ठेवून एकदमच कापा. मधोमध प्लायची आडवी चौकट उभी करा, तिच्याभोवती बाजू वाकवा, पुढे नाळेला, म्हणजे टोकाच्या उभ्या लाकडाला, टाचा आणि मागे उभी फळी बसवा. छिद्रं २ मिलिमीटरची, कडेपासून बोटभर आत, दर १५ सेंटिमीटरला एक. तळाचं माप काढायच्या भानगडीत पडू नका. सांगाडा उलटा करा, वर तळाची फळी ठेवा, बाजूंच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि थोडी जास्त ठेवून कापा.

आता घाई नको. नाळेपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून अंतर मोजा, ते सारखं हवं. मग मधल्या चौकटीवर आणि मागच्या फळीवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून डोळा लावा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसेपर्यंत तारा सैल करा, ओढा, परत बघा. इपॉक्सी भरल्यावर राहिलेला पीळ कायमचा, आणि पिळलेली होडी जन्मभर एका अंगाला ओढते.

इपॉक्सी

डिजिटल काटा घ्या आणि डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं हे वाचा. हार्डनर जास्त घातल्याने माल लवकर वाळत नाही, कायमचा मऊ राहतो. एका वेळी २००-२५० ग्रॅमच कालवा, कडा-तळ खरवडत दोन मिनिटं हलवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. उभट डब्यात तोच माल स्वतःच्या उष्णतेने धुमसून दगड होतो.

तारांच्या मधल्या जागेत लगद्याचे ठिपके द्या. ते वाळले की तारा कापून ओढून काढा, अडली तर सोल्डरिंग आयर्नने तापवा. मग पूर्ण कोपरा भरा. लगदा श्रीखंडाइतका घट्ट हवा. गोल टोकाच्या पट्टीने एकाच ओढीत गोलाई द्या आणि तो नखाने दबेल इतका मऊ असतानाच त्यावर कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. कापड पारदर्शक झालं की भिजलं, पांढरं दिसलं तिथे हवा आहे.

बाहेरच्या धारदार कडा रंध्याने गोल करा, कापड टोकदार कडेवर बसत नाही. तळावर पूर्ण कापड आणि आतबाहेर इपॉक्सीचे तीन हात. पहिला हात दुपार कलल्यावर द्या. सकाळी दिला तर लाकडातली हवा उन्हाने फुगून बुडबुडे काढते. प्रत्येक वाळलेला हात घासण्याआधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा.

हातमोजे आणि मास्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही, आणि अंगावर सांडलेला माल थिनरने पुसला तर तो कातडीत आणखी मुरतो.

तळाला बाहेरून दोन लांब पट्ट्या बसवा, त्याने तळ लचकत नाही आणि होडी सरळ जाते. दोन्ही टोकांच्या बैठकी खालून बंद करा: एक लिटर कोंडलेली हवा एक किलो उचलते, म्हणून १५० लिटरच्या आसपास जागा ठेवा. आठवडाभर वाळू द्या आणि मग रंग द्याच. उन्हात उघडी राहिलेली इपॉक्सी पिवळी पडून भुसभुशीत होते.

पाण्यात उतरवताना

पहिली चाचणी ओळखीच्या शेततळ्यात घ्या, कमरेइतक्या पाण्यात. लाइफ जॅकेट घालून होडी मुद्दाम पाण्याने भरा आणि ती तरंगते का बघा. धरण-तलावांतली मासेमारी बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय जाळं टाकू नका, त्यावर घरं चालतात. इंजिन लावायचं तर नोंदणीचं आधी बघा.

पुरात ही होडी काढू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये लोकांनी काय सोसलं ते आपण पाहिलंय, आणि मदतीला धावावंसं वाटणं साहजिक आहे. पण वाहत्या पुरात विजेच्या तारा, कुंपणं, ओंडके पाण्याखाली असतात आणि ६ मिलिमीटरचा तळ त्यांच्यासाठी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे. पाणी त्या दिशेने चढायला लागलं की होडी घराच्या उंच बाजूला, दोन ठोकळ्यांवर पालथी आणि दोराने बांधून ठेवा. खालून वारा खेळला पाहिजे.