ओपन सोर्समधला मेंटॉर नजरेस कसा आणावा

प्रकल्पाचा सगळा इतिहास गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहे असं आपण समजतो, पण गिट जपतं ते कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल. नवख्याला कोणी टेस्ट चालवायला शिकवलं, पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) परत आल्यावर कोणी धीर दिला, दीडशे ओळींचा बदल वीस ओळींवर कसा आणायचा हे कोणी दाखवलं, याचा तिथे मागमूसही राहत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर प्रोफाइलवरच्या हिरव्या चौकोनांत कमिट, उघडलेले इश्यू (चुकांच्या किंवा कामांच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट आणि रिव्ह्यू (इतरांच्या बदलांची तपासणी) मोजले जातात. इश्यूखाली तासभर बसून लिहिलेलं उत्तर त्यात धरलं जात नाही.

सबटायटलच्या फायली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणाऱ्या एका लायब्ररीची (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडची) मी मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारी, आहे. स्वतः कोड लिहिण्यापेक्षा नवे लोक आणि त्यांना शिकवणारे यांची गाठ घालून देण्यात माझा जास्त वेळ जातो, आणि मला ते काम मनापासून आवडतं. मेंटॉर दोन वेळा दिसायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. नवखा अडतो तेव्हा त्याला दिसायला हवा, आणि काम झाल्यावर प्रकल्पाच्या नोंदीत दिसायला हवा. बरेच प्रकल्प दुसऱ्या वेळेचं थोडंफार करतात, म्हणजे वर्षाच्या शेवटी आभार मानतात. पहिली वेळ मात्र राहून जाते आणि माणसं तिथेच गळतात.

मेंटॉर नेमण्याआधी, आहेत ते शोधा

तुमच्या प्रकल्पात कोणी मेंटॉर नाही असं वाटत असेल, तर बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट उघडा आणि ज्यांच्या लेखकाची ती पहिलीच होती तेवढ्याच निवडून वाचा. टिप्पण्या मोजू नका, वाचा. ‘हे चुकलंय, बदला’ असं लिहिणारा रिव्ह्यूअर वेगळा आणि ‘ही नमुना फाइल तुझ्या शाखेवर उघडून बघ, तिसऱ्या सबटायटलची वेळ काय येते?’ असं विचारणारा वेगळा. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांची नावं टिपून ठेवा.

मग जे नवे लोक टिकले त्यांना एकच प्रश्न विचारा: अडलात तेव्हा कोणाकडे गेलात? आमच्याकडे या प्रश्नाच्या उत्तरात एक नाव पुन्हा पुन्हा आलं. त्या बाई दस्तऐवजांचं काम बघतात आणि कमिटच्या यादीत खूप खाली आहेत. लोकांना विंडोजवर बिल्ड कसं करायचं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम कसा तयार करायचा, ते चॅटवर त्याच समजावत होत्या. रेपो, म्हणजे प्रकल्पाचं कोडभांडार, कितीही चाळला असता तरी त्या सापडल्या नसत्या.

अशा माणसाला थेट जाऊन विचारा: तुम्ही हे करताच आहात, तर तुमचं नाव लिहू का? नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा. हो म्हणाल्या तर पुढचं वाचा.

इश्यूवर नाव आणि वेळ लिहा

इश्यूला लावलेलं ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल काम सोपं आहे एवढंच सांगतं. मदतीला कोणी आहे का, ते त्यातून कळत नाही. मोझिलाच्या बगझिला या चुका नोंदवायच्या यंत्रणेत प्रत्येक बगवर मेंटॉरसाठी वेगळा रकाना आहे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रेपोत सोप्या कामासाठी एक लेबल आणि मार्गदर्शक मिळेल अशा कामासाठी ‘ई-मेंटॉर’ हे दुसरं लेबल आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात मोठं शहाणपण आहे, कारण काम थोडं अवघड असलं तरी शेजारी माणूस असेल तर नवखा ते हातात घेतो.

लहान प्रकल्पाला वेगळा रकाना लागत नाही, इश्यूच्या मजकुरात लिहिलं तरी पुरतं. आमच्या एका इश्यूचा मजकूर साधारण असा होता (एसआरटी आणि वेबव्हीटीटी हे सबटायटलचे फॉरमॅट, पार्सर म्हणजे फाइल वाचून तिची फोड करणारा कोड):

‘एसआरटी फाइलमध्ये सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यात स्वल्पविराम असतो, वेबव्हीटीटीमध्ये टिंब असतं. काही एसआरटी फायलींतही टिंब सापडतं आणि आपला पार्सर तिथे थांबतो. वाचताना दोन्ही चालायला हवीत. लिहिताना स्वल्पविरामच राहील, त्या फंक्शनला हात लावू नये. अडणारी नमुना फाइल टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. मेंटॉर: (नाव). अडलात तर इथेच, याच इश्यूखाली विचारा. उत्तर दोन दिवसांत येईल. चार दिवसांत आलं नाही तर मला टॅग करा.’

शेवटचं वाक्य मी प्रत्येक इश्यूत लिहिते. उत्तर न आल्यावर पुन्हा विचारायला नवख्याला संकोच वाटतो. समोरचा कामात असेल, आपला प्रश्नच बावळट असेल, असं काहीबाही मनात येतं आणि तो गुपचूप निघून जातो. पुन्हा कधी आणि कोणाला विचारायचं हे आधीच लिहून ठेवलं की तो संकोच राहत नाही. मेंटॉरलाही बरं पडतं. तो आजारी पडला किंवा नोकरीत अडकला तर चौथ्या दिवशी ते माझ्या कानावर येतं.

कशाला हात लावायचा नाही हे लिहिणंही तितकंच गरजेचं आहे. नव्या माणसाचा उत्साह मोठा असतो. हद्द आखून दिली नाही तर तो अर्धा पार्सर नव्याने लिहून आणतो आणि मग ते नाकारताना दोघांनाही जड जातं.

मेंटॉरांची एक फाइल ठेवा

रेपोच्या मुळाशी, कॉन्ट्रिब्युटिंगच्या (योगदान कसं द्यायचं ते सांगणाऱ्या) फाइलशेजारी, मेंटॉरांची एक साधी फाइल असू द्या. त्यात प्रत्येकाचं नाव किंवा हँडल (ऑनलाइन टोपणनाव), कोणत्या भागात मदत करता येते, कोणत्या भाषांत बोलता येतं, साधारण कोणत्या वेळी उत्तर मिळतं आणि सध्या जागा आहे की नाही, एवढं लिहा. वेळ लिहिताना यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, म्हणजे दुसऱ्या खंडातल्या माणसाला हिशेब करता येतो.

या सगळ्यात ‘सध्या जागा’ हा रकाना सर्वांत मोलाचा. एकदा माणूस दिसायला लागला की सगळे त्याच्याचकडे जातात, आणि मर्यादा न लिहिलेला मेंटॉर काही महिन्यांत थकून सोडून जातो. मेंटॉरिंगला किती वेळ लागतो याचा अंदाज हवा असेल तर आउटरीची या इंटर्नशिपच्या कार्यक्रमाकडे बघा. तिथे मेंटॉरकडून आठवड्याला किमान ५ तासांची अपेक्षा असते. नोकरी सांभाळून ५ तास काढणं ही थोडी गोष्ट नाही. म्हणून आमच्या फाइलमध्ये एका मेंटॉरकडे एका वेळी दोनच माणसं असा नियम आहे. तिसरा आला की तो दुसऱ्या कोणाकडे जातो, नाहीतर थांबतो. थांबावं लागेल हे त्याला स्वच्छ सांगितलं तर तो रागावत नाही, असं मी पाहिलं आहे.

प्रत्येक नावापुढे ‘शेवटची खात्री’ म्हणून महिना आणि वर्ष टाका. दर रिलीजच्या वेळी मी फाइलमधल्या सगळ्यांना विचारते: अजून आहात का? उत्तर आलं नाही तर नाव ‘सध्या नाही’ या भागात जातं. ते पुसत मात्र नाही. कुबरनेटीस या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या ओनर्स फायलींत (कोणता भाग कोणाकडे ते लिहिलेल्या) जबाबदारीतून बाजूला झालेल्या अप्रूव्हरांसाठी, म्हणजे बदल मंजूर करणाऱ्यांसाठी, ‘इमेरिटस’ अशी वेगळी जागा असते. मला ही पद्धत फार आवडते. माणसाला मानाने बाजूला होता आलं पाहिजे आणि पुढे वाटलं तर परतही येता आलं पाहिजे.

खासगीतलं उत्तर उघड्यावर आणा

मेंटॉरिंगचा मोठा भाग खासगी संदेशांत होतो, म्हणून तो दिसत नाही. नवख्याला चारचौघांत प्रश्न विचारायची भीती वाटते आणि ती समजण्यासारखी आहे. त्याला ‘खासगीत विचारू नका’ असं फटकारलं तर तो कुठेच विचारणार नाही.

मी मेंटॉरांना असं सुचवते: पहिलं उत्तर खासगीतच द्या. मग विचारा, ‘हाच प्रश्न इतरांनाही पडतो. तुझं नाव न घेता मी इश्यूखाली लिहू का?’ होकार आला की प्रश्न आणि उत्तर दोन्ही मेंटॉरने स्वतःच्या नावाने टाकावं. पुढच्या वेळी त्या माणसाला सांगावं, ‘तू तिथेच विचार, मी तिथेच उत्तर देतो.’ दोन-तीन खेपांत बहुतेक जण उघड्यावर विचारू लागतात. उत्तराचा दुवा हाताशी राहतो, तेच पुन्हा लिहावं लागत नाही, आणि मेंटॉरचं काम आपोआप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. घरची अडचण, आजारपण, वागणुकीची तक्रार यांतलं काही निघालं तर मात्र ते खासगीच राहील.

कमिटमध्ये मेंटॉरची ओळ

हा भाग लहान आहे, पण टिकतो सर्वांत जास्त. गिट प्रकल्पाच्या स्वतःच्या इतिहासात गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ या नवख्यांसाठीच्या कार्यक्रमातून आलेल्या कमिटच्या खाली ‘मेंटॉर्ड-बाय’ अशी ओळ आणि पुढे मेंटॉरचं नाव दिसतं. ‘हेल्प्ड-बाय’ हीसुद्धा तिथली रुळलेली ओळ आहे. या ओळींना ट्रेलर म्हणतात, आणि तुमच्या प्रकल्पात त्या आजपासून वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

ट्रेलर कमिटच्या संदेशाच्या अगदी शेवटी येतात. त्यांच्या आधी एक ओळ मोकळी सोडा, पण ट्रेलरांच्या आपसांत मोकळी ओळ नको. आधी ट्रेलरचं नाव, मग विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं, मग माणसाचं नाव आणि कोनी कंसात ईमेल. गिट कमिटला आता ‘ट्रेलर’ हा पर्यायच आहे, त्यामुळे हाताने लिहावं लागत नाही. घोळ होतो तो स्क्वॉश करून मर्ज करताना, म्हणजे अनेक कमिट एकात मिळवून मुख्य कोडमध्ये घेताना. सगळ्या कमिटचे संदेश एकाखाली एक चिकटतात आणि मेंटॉरची ओळ मधेच कुठेतरी अडकते. मग ती ट्रेलर म्हणून ओळखली जात नाही. मर्जचं बटण दाबण्याआधी संदेशाची चौकट वाचा आणि ती ओळ उचलून तळाला न्या.

हे नीट केलं की गिट शॉर्टलॉग या कमिटचा गोषवारा देणाऱ्या आज्ञेला ‘ग्रुप’ या पर्यायात हे ट्रेलर देऊन कोणी किती कमिटमागे मार्गदर्शन केलं याची यादी काढता येते. आमच्या रिलीज नोट्समध्ये मेंटॉरांची नावं याच यादीतून येतात, आठवणीवर विसंबावं लागत नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे ईमेल इतिहासात कायमचा राहतो, म्हणून कोणता पत्ता घालायचा ते मेंटॉरला विचारा. खरा ईमेल झाकणारा गिटहबचा नोरिप्लाय पत्ताही चालतो. दुसरी म्हणजे, मेंटॉरने निम्मा कोड स्वतः लिहिला असेल तर ‘मेंटॉर्ड-बाय’ ही खोटी नोंद होते. तिथे ‘को-ऑथर्ड-बाय’ (सहलेखक) लिहावं. उलट, शिकणाऱ्याने सगळं स्वतः लिहिलं असेल तर लेखक म्हणून त्याचं एकट्याचंच नाव राहायला हवं. मेंटॉरला दिसू द्यायच्या भरात नवख्याचं श्रेय पातळ होऊ देऊ नका. माझ्या मते मेंटॉरिंगमधला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

कमिटला न चिकटणाऱ्या मदतीसाठी, म्हणजे चॅटवरची उत्तरं किंवा भेटीगाठींसाठी, ‘ऑल कॉन्ट्रिब्युटर्स’ ही पद्धत वापरता येते. तिच्या योगदानांच्या प्रकारांत मेंटॉरिंग हा वेगळा प्रकार आहे आणि रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) नावापुढे त्याचं चिन्ह येतं. तिथले बॉट वगैरे तुम्ही सहज लावाल.

चढाओढ लावू नका

नावं दिसू लागली की कोणीतरी गुणतक्ता सुचवतोच. मी त्याला दर वेळी विरोध करते. आकडा दिसला की माणसं सोपे नवखे निवडतात. ज्याला तीन आठवडे लागतील, ज्याची भाषा तुटकी आहे, जो एकच प्रश्न चार वेळा विचारतो, तो कोणालाच नको होतो. खऱ्या मेंटॉरची गरज त्यालाच सर्वाधिक असते. शॉर्टलॉगची यादी मी म्हणूनच अकारविल्हे छापते, आकडे काढून.

काही चांगल्या मेंटॉरांना दिसायचंच नसतं. नाव जाहीर झाल्यावर अनोळखी लोकांचे नको ते संदेश येतात, आणि बायकांना ते अधिक येतात. अशा माणसासाठी एक सामायिक पत्ता किंवा चॅटवरचा गट ठेवा, म्हणजे नवखा गटाला विचारेल आणि उत्तर कोण देतंय हे बाहेर कळणार नाही. प्रकल्पाच्या आतल्या नोंदीत मात्र त्या व्यक्तीचं काम लिहून ठेवा. जबाबदाऱ्या वाटताना ते उपयोगी पडतं.

कामाला अधिकार जोडा

आभार गोड वाटतात, पण त्यांनी प्रकल्पातलं स्थान बदलत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकल्पात ज्याला अजून अपलोडचा हक्क नाही त्याचं पॅकेज प्रायोजक स्वतःच्या डिजिटल कीने सही करून चढवतो. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नवे प्रकल्प आधी जिथे येतात तिथे, प्रत्येक नव्या प्रकल्पाला नावानिशी मेंटॉर असतात आणि प्रकल्पाच्या अहवालावर ते सही देतात. मेंटॉर हजर आहे की नाही हे त्या सहीवरून सगळ्यांना कळतं. या दोन्ही ठिकाणी मेंटॉरच्या नावामागे जबाबदारी आहे.

तुमच्या कारभाराच्या नियमांत एक वाक्य घाला: मेंटेनरपदासाठी विचार करताना मार्गदर्शनाचं काम कोडइतकंच धरलं जाईल. मग नावं सुचवताना शॉर्टलॉगची यादी आणि इश्यूंचे दुवे समोर ठेवा. त्या दस्तऐवजवाल्या बाईंना आम्ही मर्जचा हक्क दिला तो असाच, आणि मतदानात एकही प्रश्न आला नाही, कारण सगळ्यांनी त्यांची उत्तरं वाचलेली होती. कोणाला नोकरीसाठी पत्र हवं असेल तर त्यातही हेच दुवे द्या. ‘उत्तम मार्गदर्शक’ या दोन शब्दांपेक्षा वाचता येणारी पाच उत्तरं जास्त वजनदार असतात.

मेंटॉर बाजूला होतो तेव्हाची कामं वेगळी लिहून ठेवा, कारण नेमकी तेव्हा घाई असते. फाइलमधलं नाव ‘सध्या नाही’मध्ये हलवा. उघड्या इश्यूंवरची ‘मेंटॉर’ ओळ शोधून नवं नाव घाला. नवं नाव मिळालं नाही तर ती ओळ काढून टाका आणि लेबलही काढा. अर्ध्यात असलेल्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर जुन्या मेंटॉरने स्वतः दोन ओळी लिहाव्यात: कुठवर आलंय, आता कोण बघणार. हे काम मेंटेनरने परस्पर करू नये. शिकणाऱ्याने ते त्याच्याच तोंडून ऐकायला हवं.