बिअर बनवताना मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं धान्य) अडकून पंप कोरडा फिरतोय?

ऑल-ग्रेन (तयार अर्काऐवजी थेट धान्यापासून केलेल्या) बिअरमध्ये गहू किंवा ओट्स जास्त असले की रिसर्क्युलेशन (खाली उतरलेला रस पंपाने पुन्हा वर सोडणं) चालू केल्यावर धान्य दाबून बसतं, वर्ट (धान्याचा गोड रस) खाली उतरतच नाही आणि पंप नुसता गुरगुरतो.

१. भाताची तुसं धुवून दळलेल्या माल्टमध्येच (मोड आणून वाळवलेलं धान्य) मिसळा, वजनाच्या ५ टक्के पुरे, चवीला काही फरक पडत नाही.
२. धान्य ढवळून झालं की १० मिनिटं पंपाला हातच लावायचा नाही.
३. मग व्हॉल्व्ह जेमतेम उघडा आणि हळूहळू वाढवा, सगळे घाई इथेच करतात. आणि हो, व्हॉल्व्ह पंपातून बाहेर जाणाऱ्या नळीवरच हवा.

तरी अडकलंच तर आधी हीटर बंद, मग पंप, मगच ढवळा, नाहीतर खालचा वर्ट करपतो आणि ती जळकी चव नंतर जात नाही.