घरच्या भाताचं बियाणं कसं निवडायचं आणि वाण कसा टिकवायचा

मळणी झाली की राशीतलं पायलीभर भात बाजूला काढून ठेवायचं, झालं बियाणं, असं बरेच जण करतात. पण खरी निवड उभ्या पिकात होते, कापणीच्या आधी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल ३ या वाणाच्या धानात तीन वेगळ्या पिवळसर लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, दरवर्षी निवड करत राहिले आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. म्हणजे नवीन वाण काढायला लॅबच लागते असं अजिबात नाही.

तर सुरुवात अशी करा. भात निसवायच्या (लोंबी बाहेर पडायच्या) आधी, फुलोऱ्यात आणि पिकताना असं तीनदा शेतात फिरायचं आणि भेसळीची रोपं मुळासकट उपटायची. दाणे भरले की चांगल्या रोपांना रंगीत दोरा बांधा. बांधाकडेची रोपं घेऊ नका, तिथं ऊन आणि खत जास्त मिळतं म्हणून ती उगाच दणकट दिसतात. आडवं पडलेलं, करपा आलेलं नको.

आता महत्त्वाचं. घनसाळ, रायभोग, काळभात असा जुना वाण जसाच्या तसा टिकवायचा असेल तर शंभरेक रोपांच्या लोंब्या घ्या आणि एकत्र मिसळा, कारण गावठी वाणात आत थोडी विविधता असतेच आणि तीच त्याला कमी-जास्त पावसात तारते, फक्त चार देखण्या लोंब्या घेतल्या तर ती निघून जाते. याउलट काही वेगळं दिसलं आणि त्यातून नवीन काढायचं असेल तर प्रत्येक लोंबी वेगळ्या पाकिटात ठेवा, पुढच्या वर्षी एका लोंबीची एक ओळ, एकेक काडी लावायची, आणि ओळ एकसारखी येईपर्यंत चार-पाच वर्षं धीर धरायचा. भात स्वतःच्याच परागावर धरतं, त्यामुळे दुसऱ्या वाणापासून तीन मीटर अंतर पुरतं. मका-बाजरीला हे चालत नाही हां, त्यांचे पराग वाऱ्याने लांब जातात.

लोंब्या सकाळच्या उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग राख, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून मडक्यात किंवा कणगीत भरा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, ८० तरी उगवले पाहिजेत.

आणि बियाणं एकट्याच्या घरात ठेवू नका, दोन-तीन घरी द्या. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक अशीच देवाणघेवाणीवर उभी केली. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचा हक्क शेतकऱ्याला दिलाय, फक्त संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदवलेल्या वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही. स्वतःचा वाण याच कायद्याखाली नोंदवता येतो, शेतकऱ्याला फी नाही, म्हणून दरवर्षीची उंची, पक्व व्हायचे दिवस, दाण्याचा रंग वहीत लिहून ठेवा, अर्जात हेच विचारतात.