घरच्या घरी, कमी खर्चात हॉट रॉड : या चुका टाळा

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून आणि इंजिन सुधारून वेगवान बनवलेली गाडी; तिचा जन्मच काटकसरीतून झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड आणि छप्पर उतरवून, इंजिनात सुधारणा करून, म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात त्या पळवत असत. 1932 साली फोर्डने 221 घनइंचाचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-8 (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले) इंजिन सामान्यांना परवडणाऱ्या गाडीत दिल्यावर या छंदाला वेगळेच बळ मिळाले. भंगारातील भाग आणि स्वतःची मेहनत यांवर उभा राहिलेला हा छंद आज अमेरिकेत अनेक कुटुंबे घरच्या गॅरेजमध्ये जोपासतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. तरीही असे कितीतरी प्रकल्प अर्धवट स्थितीत धूळ खात पडतात. पैसा कमी पडला हे कारण सर्रास सांगितले जाते, परंतु बहुतेक वेळा खरी चूक कामाच्या क्रमात असते. क्रोमची चाके, चामड्याची आसने आणि चकचकीत एअर क्लीनर आधी घरात येतात आणि ब्रेक, स्टिअरिंग, फ्रेम ही कामे ‘नंतर बघू’ म्हणून मागे राहतात. पाया रचण्याआधी कळस चढवला, तर तेच काम दोनदा करावे लागते आणि दुसऱ्या खेपेस ना पैसा शिल्लक असतो ना घरच्यांचा उत्साह.

कागदपत्रांविना गाडी घेणे

स्वस्तात मिळालेला सांगाडा मालकीच्या कागदांविना घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मॉडेल ए फोर्डमध्ये इंजिनाचाच क्रमांक फ्रेमच्या डाव्या पट्टीवर कोरलेला असे आणि तो बॉडीखाली झाकला जातो. त्यामुळे इंजिन बदललेल्या गाडीचे कागद आणि फ्रेमवरील क्रमांक जुळत नाहीत, असे वारंवार घडते. पैसे मोजण्यापूर्वी ही पडताळणी करावी. प्रत्येक राज्याचे नियमही वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांना प्रदूषण-तपासणीत विशेष सवलत देणारी प्रमाणपत्रे वर्षाला फक्त 500 निघतात आणि ती प्रथम येणाऱ्यास प्रथम या तत्त्वावर दिली जातात.

महाराष्ट्रात हा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी मात्र आधीच थांबून विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी 50 वर्षांहून जुन्या, पण मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळते. इंजिन आणि चेसिस बदललेली गाडी त्यात बसत नाही.

फ्रेम ओढली जाणे आणि जोडणीआधीच रंग देणे

1928 ते 1931 या काळातील मॉडेल ए ची फ्रेम सुमारे 40 अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनासाठी होती. तिच्या लांब पट्ट्या एका बाजूने उघड्या असतात, त्यामुळे त्यात शेव्हरोलेचे 350 घनइंचाचे व्ही-8 बसवायचे असेल तर ती उघडी बाजू पोलादी पट्ट्यांनी बंद करावी लागते. येथे उत्साहाच्या भरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग केले जाते. उष्णतेने पट्टी ओढली जाते आणि फ्रेम पिळते. फ्रेम समतल आधारावर पक्की जखडून, इंच-दोन इंचाचे टाके आलटून पालटून दूरदूरच्या जागी घालावेत आणि दर थोड्या वेळाने मोजमाप घ्यावे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. फ्रेमच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोरच्या ठिकाणी पंचाने खुणा कराव्यात आणि मोजपट्टीने दोन्ही कर्ण मोजावेत. फरक अष्टमांश इंचापेक्षा जास्त निघाला, तर पुढचा टाका घालण्याआधी तो दुरुस्त करावा. मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला घरातले मूल उत्तम, कारण भूमितीचा इतका थेट उपयोग त्याला पुस्तकात क्वचितच दिसतो.

फ्रेम तयार होताच तिला रंग देण्याचा मोह आवरावा. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, रेडिएटर, पेडल, स्टिअरिंग आणि एक्झॉस्ट हे सारे उघड्या लोखंडावर एकदा पूर्ण बसवून पाहावे. स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला घासतो, पेडलला पाय पोहोचत नाही किंवा रेडिएटर पंख्याला लागतो, हे सारे याच टप्प्यावर कळते. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोनही गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असतानाच बसवावा. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा आणि मागच्या अ‍ॅक्सलचा पिनियन (दातेरी टोकाचा दांडा) बाजूने पाहता एकमेकांना समांतर असले पाहिजेत. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत असतानाही वेगानुसार थरथर जाणवत असेल, तर दोष इंजिनात नसून चाके आणि ड्राइव्ह शाफ्ट यांच्याकडे आहे, असे समजून शोध घ्यावा. साधा प्रायमर मारून गाडी महिनोनमहिने उघड्यावर ठेवू नये. तो ओलावा शोषतो आणि खाली गंज धरतो. इपॉक्सी प्रायमर हा यावर बरा उपाय आहे.

ब्रेक : येथे काटकसर नको

फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 च्या गाड्यांपासून दिले. त्याआधीचे यांत्रिक ब्रेक व्ही-8 च्या ताकदीसमोर अपुरे पडतात, म्हणून बहुतेक जण पुढे डिस्क आणि मागे ड्रम बसवतात. हॉट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल नळ्यांत ढकलणारा भाग) बहुधा पायाखालच्या पाटाखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा (डिस्कला चिमट्यात पकडणाऱ्या भागापेक्षा) खालच्या पातळीवर असतो. अशा वेळी ब्रेक सोडल्यावर तेल मागे उतरते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जाते. त्यासाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो : डिस्कच्या नळीत 2 पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचे एकक) आणि ड्रमच्या नळीत 10 पीएसआयचा. हे दोन्ही अदलाबदल होऊन बसले, तर डिस्क सतत घासत राहते आणि तापते.

पेडलच्या वागण्यावरून दोष बराचसा ओळखता येतो. पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर नळ्यांत हवा आहे. पहिल्यांदा खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर तेल मागे उतरते आहे किंवा मागच्या ड्रमचे शू सैल आहेत. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील सील निकामी झाले आहे. पेडल दगडासारखे कडक असून गाडी थांबत नसेल, तर मास्टर सिलिंडरचा व्यास वाजवीपेक्षा मोठा आहे किंवा पेडलचे तरफ-गुणोत्तर कमी आहे. बूस्टर नसलेल्या गाडीत ते सहास एक च्या आसपास हवे. ब्रेकसाठी तांब्याची साधी नळी किंवा दाबून बसवायचे जोड वापरू नयेत. पुढचे आणि मागचे सर्किट वेगळे ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडरच घ्यावा. बाकी कुठे पैसा वाचवायचा ते वाचवावा, पण येथे नवे आणि खात्रीचेच सामान असावे, असे माझे ठाम मत आहे.

स्टिअरिंग डगमगते, इंजिन तापते, स्टार्टर कण्हतो

सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत ठरावीक वेगाला पुढची चाके जोरात डगमगू लागली, की डॅम्पर (हेलकावे शोषणारा दांडा) बसवून ती लपवण्याची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. आधी किंगपिन (ज्या खिळीभोवती पुढचे चाक वळते ती) आणि टाय रॉडची टोके सैल नाहीत ना हे पाहावे, मग कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, मोजावा. तो साधारण 5 ते 7 अंश असावा. आडव्या जोडणीचे स्टिअरिंग आणि आडवी कमान असेल, तर अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार (त्याला फ्रेमशी जोडणारा आडवा दांडा) लागतो.

इंजिन तापण्याचे निदानही अंदाजाने करू नये. गाडी उभी असताना किंवा गर्दीत तापते आणि हमरस्त्यावर थंड होते, तर हवा कमी पडते आहे. पंख्याभोवती आवरण नसणे हे त्याचे नेहमीचे कारण. हमरस्त्यावरच तापत असेल, तर रेडिएटरची क्षमता, त्यातील साचलेला गाळ किंवा पाण्याचे अभिसरण तपासावे. जुन्या फ्लॅटहेड (ज्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात अशा) व्ही-8 मध्ये एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधूनच जातात, त्यामुळे पाण्यावर उष्णतेचा भार मुळातच अधिक असतो.

वायरिंगच्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. सुंदर रंगवलेल्या फ्रेमवर तार बोल्टने कसली, तरी रंगामधून वीज वाहत नाही. स्टार्टर कण्हत असेल तर मल्टिमीटरचा एक प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर आणि दुसरा बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर नवीन बॅटरी घेण्याची गरज नाही. जोड खरवडून स्वच्छ करावेत आणि इंजिन ते फ्रेम जाड पट्टी जोडावी. बॅटरी डिकीत असेल, तर तिच्याजवळच संरक्षक फ्यूज असू द्यावा.

घरच्यांना केवळ प्रेक्षक बनवणे

मुलांना फक्त झाडू मारण्यापुरते आणि पाने (स्पॅनर) हातात देण्यापुरते ठेवले, तर दोन रविवारांत ती फिरकेनाशी होतात. सुट्या भागांच्या पिशव्यांवर नावे घालणे, उकलण्यापूर्वी छायाचित्रे काढणे, तारांना क्रमांक देणे, खर्चाची वही सांभाळणे ही खरी जबाबदारीची कामे आहेत आणि ती एकाच व्यक्तीकडे कायम असावीत. त्या वहीत बोल्ट, गॅस्केट, नळ्या आणि तेले यांचा वेगळा रकाना हवाच, कारण अंदाजपत्रक बहुधा येथेच कोलमडते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा जर कारखान्यात फिटर असतील, तर मोजमापाची अंतिम तपासणी त्यांच्याकडेच सोपवावी.

काही कामांच्या वेळी मात्र मुले गॅरेजबाहेर असलीच पाहिजेत. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. दोन घटकांच्या रंगातील आयसोसायनेट साध्या धुळीच्या मास्कने अडत नाहीत. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी कधीही घरी कापू किंवा वेल्ड करू नये आणि केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीही, जाऊ नये.

पहिली फेरी मोकळ्या, सपाट जागेत अगदी कमी वेगाने घ्यावी, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे आणि परतल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन कोणते अधिक तापले आहे ते पाहावे. पहिल्या 50 मैलांनंतर चाकांचे नट, स्टिअरिंगचे बोल्ट आणि ब्रेकचे सर्व जोड पुन्हा कसून घ्यावेत.