करवंद: बांधावर आणि बरणीत

करवंदाची जाळी लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: कुंपण हवे की फळ? एकाच ओळीतून दोन्ही भरपूर मिळत नाही. या झुडपाला फुले फांदीच्या शेंड्याला येतात. कुंपण नीटस दिसावे म्हणून वर्षभर कात्री चालवली, की शेंड्यांबरोबर करवंदेही जातात.

रोप बियांपासून करणे सर्वांत सोपे. मे महिन्यात पूर्ण काळी, दाबली की फुटणारी करवंदे घ्या. बिया राखेच्या पाण्यात चोळून धुतल्या की चिकट गर सुटतो. एक दिवस सावलीत सुकवून आठवड्याच्या आत पेरा. पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवलेले बी उगवत नाही. रोपांच्या पिशव्या रिकाम्या राहण्याचे कारण बहुधा हेच असते. माती, वाळू आणि शेणखत सारखे घ्या, बी अर्धे पेर खोल टाका. पहिले वर्ष रोप फार हळू वाढते, म्हणून ते उपटून टाकू नका. मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात लावायची असेल, तर कलमच आणा. बियांचे रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात रोपे जमिनीत लावा. कुंपणासाठी 2 ते 3 फुटांवर, फळांसाठी 8 ते 10 फुटांवर. मुरमाड, उताराची जमीन उत्तम. काळ्या भारी जमिनीत खड्डा करू नका, उंचवटा करून लावा; पाणी साचले की मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात. अशा वेळी तहान समजून आणखी पाणी घातले, तर झाड हमखास जाते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी पुरे. छाटणी फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर करा. हिवाळ्यात केलीत, तर उन्हाळ्यात मोगऱ्यासारख्या वासाची ती पांढरी फुले दिसणारच नाहीत. फळ धरायला साधारण तिसरे वर्ष उजाडते.

लोणच्याला हिरवी, टणक करवंदे हवीत. देठ तोडताच पांढरा चीक येतो, तो बोटांना आणि सुरीला गोंदासारखा धरतो. आधी दोन्हीकडे तेल चोळा. अर्धा किलो करवंदे मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा, म्हणजे चीक निघतो. मग पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडी करा, कारण बुरशी येते ती याच ओलाव्यामुळे. चिरून बिया काढा. 100 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम मोहरीची डाळ, 40 ग्रॅम तिखट, चमचाभर हळद, चिमूटभर मेथीपूड आणि हिंग मिसळा. 200 मिलि तेल कडकडीत तापवून गार झाल्यावरच ओता. लिंबू नको, करवंदाचा आंबटपणा पुरतो. ॲल्युमिनियमचे भांडे टाळा. काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या. करवंदे तेलाखाली बुडालेली हवीत. आठ-दहा दिवसांत मुरते.

पिकलेली काळी मैना मात्र शिजवू नये, तशीच खावी. दातांनी फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा मुलांचा खेळ तेवढ्यासाठीच आहे. सरबत-जेलीसाठी अर्धवट पिकलेली, तांबूस फळे वेगळी काढा. जेली त्यांचीच चांगली धरते.