स्प्रिंगच्या एअर रायफलीवर टिकणारा स्कोप

गेल्या पावसाळ्यात माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलीचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बिघडला. रेंजवर 10 मीटरवरच्या कागदात छर्रे कधी डावीकडे, कधी खाली. छर्रे बदलले, नळी पुसली, तीन रविवार वाया गेले. शेवटी दादरला घरी स्कोप काढून कानाशी हलवला, तर आत बारीक खुळखुळ. उजेडाकडे धरल्यावर आतली फुली तिरकी दिसली.

"अरे, मोठ्या बंदुकीचा स्कोप ना तो? मग या छर्‍याच्या बंदुकीनं कसा मोडला?" मामांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. मोठी बंदूक मुख्यतः मागे धक्का देते. स्प्रिंगच्या रायफलीत हवा दाबणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, पुढे सुटताना रायफल मागे जाते आणि पिस्टन टोकाला थांबला की ती झटक्यात पुढे येते. हा उलटा हिसका साध्या स्कोपला झेपत नाही.

नवा घेताना मोठ्या झूमचा मोह सोडला. स्प्रिंग रायफलीसाठीच बनवलेला, 10 मीटरवर फोकस होणारा चारपटीचा स्कोप घेतला. नायट्रोजन भरलेलाच हवा होता, कारण मुंबईच्या दमट हवेत काच आतून धुरकट होते. स्कोप रायफलीवर धरून ठेवणारा माउंटही बदलला: रायफलीवरच्या 11 मिमी खाचेवर बसणारा, अखंड, खाली अडकण-पिन असलेला. पिन रायफलीच्या भोकात नीट बसवली आणि स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. जुना माउंट दर धक्क्याला मागे सरकायचा, त्याच्या ओरखड्याची रेघ अजून दिसते.

आता पाचशेवर छर्रे झालेत. परवा झाडलेल्या पाचही छर्‍यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.